गोष्ट ऐकली, पण खूण ओळखली का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आजचा अभ्यास घरात एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मुलांनाही जवळ बसवा, शेवटी त्यांच्यासाठी काम आहे.

आधी एक कबुली. मागच्या पारायणाच्या वेळी आम्ही श्रीगुरुचरित्राच्या चाळीसाव्या अध्यायाचा सारांश सगळ्या ग्रुपवर पाठवला होता. नरहरी नावाच्या कुष्ठी ब्राह्मणाने औदुंबराच्या वाळलेल्या लाकडाला पाणी घातले, लाकडाला पालवी फुटली आणि त्याची व्याधी गेली, एवढेच त्यात होते. ते वाचून आपल्यातल्या एका मावशींनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. "श्रद्धा आहे तर गोळी कशाला?" असे त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. आता त्या बऱ्या आहेत. पण चूक मावशींची नव्हती, आमची होती. आम्ही गोष्ट पाठवली आणि गोष्ट कशी वाचायची ते सांगितलेच नाही. म्हणून आजचा विषय हाच घेतला आहे: ग्रंथकार नुसत्या शब्दांनी बोलत नाही, तो खुणांनीही बोलतो.

१. संदर्भ: एका नावात अख्खी गोष्ट

हे आपल्याला नवीन नाही. कुणाच्या घरी जाताना हातात थोडेसेच काही असले की आपण म्हणतो, "आमचे हे सुदाम्याचे पोहे." ऐकणाऱ्याला लगेच द्वारका दिसते, गरीब मित्र दिसतो, देणाऱ्याचा भाव कळतो. ज्याला सुदामा माहीत नाही, तो म्हणेल, "पोहे कुठे आहेत? ही तर केळी आहेत!" म्हणजे शब्द कळले, पण बोलणे कळले नाही.

"दामाजी" म्हटले की तसेच होते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत, दुष्काळात उघडलेली धान्याची कोठारे, आणि विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारी पैसे भरायला आलेला पांडुरंग. तीन अक्षरांत एवढे सगळे मावते. जुनी गोष्ट नुसत्या एका शब्दाने जागी करायची, याला संदर्भ देणे म्हणतात.

२. "रजक" या शब्दाची करामत

आता आपल्याच भागातला मोठा दाखला बघू. श्रीगुरुचरित्राच्या नवव्या अध्यायात कुरवपूरचा एक परीट आहे, श्रीपाद श्रीवल्लभांचा भक्त. नदीत राजाचा थाटमाट बघून त्याच्या मनात येते, असे वैभव आपल्यालाही मिळावे. स्वामी त्याला पुढच्या जन्मी राज्य देतात आणि पुन्हा भेटीचे वचनही देतात. मग ग्रंथ पुढे जातो. चाळीस अध्याय त्या परटाचे नाव निघत नाही.

पन्नासाव्या अध्यायात बिदरचा यवन राजा येतो. त्याच्या मांडीला फोड झाला आहे. तो वैद्य करतो, पापविनाशी तीर्थाला जातो आणि शेवटी गाणगापूरला श्रीगुरूंसमोर उभा राहतो. तिथे श्रीगुरू त्याला राजा म्हणून हाक मारत नाहीत. "रजका" म्हणतात. बस्स! त्या एका शब्दाने राजाला मागचा जन्म आठवतो.

आता विचार करा. ज्याने नववा अध्याय लक्ष देऊन ऐकला नाही, त्याच्यासाठी ही फोड बरा झाल्याची गोष्ट आहे. ज्याने ऐकला आहे, त्याला कळते की फोड हे फक्त निमित्त. खरी गोष्ट दिलेल्या वचनाची आहे. जन्म बदलला, धर्म बदलला, अंगावर राजवस्त्रे आली, तरी गुरूने आपल्या माणसाला ओळखले. आणि राजानेही फोडाला आधी वैद्य केले होते, हे विसरू नका.

३. दृष्टांत: गोष्टीच्या पोटात गोष्ट

त्याच चाळीसाव्या अध्यायात नरहरीच्या गोष्टीसोबत शबराची जुनी कथा सांगितली आहे. शबराचा नेम असतो, शिवाला रोज चिताभस्म वाहायचे. एक दिवस भस्म मिळत नाही, तेव्हा त्याची बायको स्वतःचा देह जाळून घ्यायला तयार होते. पूजा झाल्यावर तो सवयीने प्रसादासाठी तिला हाक मारतो आणि ती समोर येऊन उभी राहते.

आम्ही मंडळींना विचारतो, ही गोष्ट ऐकून तसे कुणी करेल का? कुणीच नाही. इथे आपल्याला आपसूक कळते की हा दृष्टांत आहे. निष्ठा किती पूर्ण असावी ते दाखवायला सांगितला आहे, नक्कल करायला नाही. मग त्याच अध्यायातले वाळलेले लाकूडच आपण औषधाची चिठ्ठी म्हणून का वाचतो? शबराची गोष्ट शेजारी ठेवली आहे ती हेच शिकवायला, असे आम्हाला वाटते. लोक हसत असताना नरहरी रोज पाणी घालत राहिला. मनाचे वाळलेले लाकूड असेच हिरवे होते, हा त्यातला बोध.

४. नाममुद्रा: शेवटची सही

बसवकल्याणला आपण सगळे गेलो आहोत. बाराव्या शतकात तिथे बसवेश्वरांनी वचने सांगितली. त्यांच्या वचनात कूडलसंगमदेवाचे नाव येते. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरच्या ज्या देवाजवळ ते घडले, त्याचे हे नाव. अक्कमहादेवी चन्नमल्लिकार्जुनाला हाक मारते आणि ऐकणाऱ्याला श्रीशैल आठवतो. पुढे याच श्रीशैलाकडे श्रीगुरू गाणगापूरहून निघाले. एका नावाने दोन परंपरा शेजारी येऊन बसतात, बघा.

हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे केली. त्यांच्या पदांतली "माणिक" ही मुद्रा म्हणजे कवीचे नाव, आणि रत्नही तेच. एका शब्दाचे दोन अर्थ, याला श्लेष म्हणतात. गाताना दोन्ही ऐकू आले पाहिजेत.

५. हे आपल्या घरात का हवे?

श्रीगुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे सायंदेवांच्या वंशातले, आणि सायंदेव आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे. आपल्याला मराठी नीट येत नाही, असे त्यांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच नम्रपणे सांगितले आहे. ग्रंथात कन्नड पदेही आली आहेत. म्हणजे हा ग्रंथ आपल्यासारख्याच दोन भाषांच्या घरातून आला.

आज आपली मुले कन्नड आणि इंग्रजी शाळेत जातात. घरी मराठी बोलतात, वाचताना अडखळतात. ते चालेल, अडखळू देत. पण रजक कोण, शबर कोण, दामाजी कोण, हे त्यांना कुणी सांगितलेच नाही, तर उद्या पोथी घरात राहील आणि अर्थ घराबाहेर जाईल. मग त्या रिकाम्या जागी कुणीही काहीही फॉरवर्ड करेल आणि आपण खरे मानू.

म्हणून वाचताना तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट आधी कुठे येऊन गेली आहे का? ती कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगितली आहे? यात करायचे काय आहे आणि समजायचे काय आहे?

या आठवड्याचे काम: घरातल्या आजी-आजोबांनी रोजच्या बोलण्यातला असा एक शब्द सांगावा, "भगीरथ प्रयत्न", "द्रौपदीची थाळी", काहीही. मुलांनी त्यामागची गोष्ट स्वतःच्या आवाजात, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, ग्रुपवर टाकावी. चुकले तरी चालेल, कुणी हसायचे नाही.

आणि मावशींचा निरोप आहे: "पारायण सुरू आहे, गोळ्याही सुरू आहेत."

॥ श्री गुरुदेव दत्त ॥