बोटहाउस जपताना कळलेलं

वल्हवायला शिकलो पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर. नोकरीनिमित्त सिएटलला आलो, आणि वॉशिंग्टन विद्यापीठाचं जुनं ‘शेल हाउस’ जपण्याच्या कामात हातभार लावू लागलो. तिथे उमगलेलं हे:

१. वापरातली वास्तू टिकते.
१९१८ मध्ये अमेरिकी नौदलानं ही लाकडी वास्तू बांधली ती सीप्लेनसाठी. महायुद्ध संपलं, गरज सरली, आणि विद्यापीठाच्या रोइंग संघानं ती घेतली. १९४९ ला संघ नव्या बोटहाउसमध्ये गेला, तरी इथे कनू ठेवत राहिले. राष्ट्रीय वारसा यादीत नाव लागलं ते थेट १९७५ साली. तोवर तिला तारलं वापरानंच.

२. भिंतींआधी तिथलं काम समजून घ्यावं.
वरच्या माळ्यावर जॉर्ज पोकॉक शर्यतीच्या बोटी बांधत. इंग्लंडमधल्या बोटी बांधणाऱ्या घराण्यातला हा माणूस. सीडरच्या पातळ फळ्या वाफेवर मऊ करायच्या, सांगाड्यावर हलकेच वाकवून बसवायच्या. आठ जणांची बोट साठ फुटांहून लांब, आणि साल मात्र बोटाच्या पेराहूनही कितीतरी पातळ! विमानांसाठी ठेवलेली ऐसपैस जागा या लांबलचक बोटींना आयती मिळाली. उद्या सोयीसाठी मधे भिंती घातल्या तर इमारत उभी राहील, पण ती बोटींची का झाली हे कुणाला कळणार नाही. दुरुस्तीच्या प्रत्येक बैठकीत हे मी बोलतोच.

३. विजेत्यांइतकीच वर्गणीदारांची आठवण ठेवावी.
इथून निघालेल्या मुलांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पोकॉकच्याच बोटीतून इटलीला अवघ्या ०.६ सेकंदानं मागे टाकलं. त्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला. पण बर्लिनला जायला त्यांच्याकडे पैसेच नव्हते. ऐन मंदीत सिएटलकरांनी पाच हजार डॉलर जमवून दिले. माझ्या मते सुवर्णपदकात त्यांचाही वाटा आहे.

४. गोष्ट पहिल्या खांबापासून सुरू करू नये.
शेजारचा कालवा १९१७ चा. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या इथले मूळ रहिवासी दोन सरोवरांमधल्या याच पट्टीवरून होड्या वाहून नेत.

५. शंभरी भरण्याची वाट पाहू नये.
सीओईपीचा बोट क्लब १९२८ चा. आमच्या वेळी बोट पुसून जागेवर लागल्याशिवाय सीनियर चहाला सोडत नसत. जपणूक म्हणजे काय, ते मी तिथेच शिकलो. नदीला जलपर्णीनं ग्रासलं, तरी मुलं वल्हवत राहिली. बोटी दुरुस्त करणाऱ्या जुन्या हातांना आत्ताच बोलतं करायला हवं, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला हवं. तुमच्या घरी रेगाटाचे जुने फोटो असतील, तर मागे नावं आणि साल लिहा, आणि एकेक प्रत क्लबला नेऊन द्या.