कमी, पण कशापेक्षा?

चि. मृण्मयी,

तुझ्याजवळ इंग्रजी शब्द भरपूर आहेत. घोडं अडतं ते ‘कमी’ या आपल्या एका शब्दापाशी. पाऊस गेल्या वर्षीपेक्षा कमी, भाजीत मीठ हवं त्याहून कमी आणि खेड्यात डॉक्टर मुळातच कमी, ही तिन्ही कामं तो एकटा करतो. इंग्रजीत तिथे ‘लेस’, ‘नॉट इनफ’ आणि ‘नॉट मेनी’ असे तीन शब्द लागतात. आपण मात्र सरसकट ‘लेस’ ठोकून देतो. कारण सांगताना तर ही चूक दुहेरी होते. ‘पाणी कमी पडल्यामुळे भात कच्चा राहिला’ याचं आपण ‘ड्यू टू लेस वॉटर’ करतो, कारण ‘मुळे’च्या जागी ‘ड्यू टू’ बसवणं सोपं. रोजच्या बोलण्यातली इंग्रजी तिथे क्रियापदासकट म्हणेल, ‘बिकॉज देअर वॉजन्ट इनफ वॉटर’. ‘फॉर लॅक ऑफ वॉटर’ चुकीचं नाही. पण ते आपल्या ‘पाण्याअभावी’सारखं, बातमीत शोभणारं.

‘कमी’साठी ‘फ्यू’ही आहे, पण त्याच्याआधी ‘अ’ आहे की नाही ते पाहावं लागतं. एवढ्याशा ‘अ’ने काय बिघडतं, असं तू म्हणशील. ‘आय स्टेड बिकॉज आय हॅड अ फ्यू फ्रेंड्स देअर’ म्हणजे तिथे चार मित्र होते म्हणून राहिले. ‘अ’ गाळलास की मित्र फारसे नव्हते म्हणून राहिले, असं होतं; कारणच उलटं झालं. मित्र दोन्हीकडे चारच असतील, पण ‘चार आहेत’ आणि ‘चारच आहेत’ यांतला फरक आपला ‘च’ सांभाळतो, तसा तिथे तो ‘अ’. बोलताना नुसता ‘फ्यू’ जड वाटतो, ‘नॉट मेनी’ म्हणावं. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे मात्र बरेच! ‘लेस’ की ‘फ्युअर’ या वादात एवढ्यात पडू नकोस. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्युअर’ बरं, हे रॉबर्ट बेकर नावाच्या एका लेखकाने 1770 साली स्वतःची पसंती म्हणून लिहिलं. पुढे त्याचा नियम झाला. परीक्षेत तो पाळ, म्हणजे झालं.

भारतात सगळ्यांना ‘लेस’ कळतं, मग बदलायचं कशाला, हा आक्षेप मला खरा वाटतो. इथे ते कळतं, कारण ऐकणाऱ्याच्या मनातही ‘कमी’ किंवा हिंदीतला ‘कम’ असतो. ज्याच्या मनात तो शब्द नाही अशा डॉक्टरला ‘आय ईट लेस’ सांगितलंस, तर त्याला वाटेल की जेवण घटलंय, आणि तो कधीपासून म्हणून विचारील. तुला म्हणायचं असतं, माझं खाणं मुळातच थोडं. त्यासाठी ‘आय डोन्ट ईट मच’ म्हणावं.

तुझी,
मावशी