विजेरींतील लिथियम सेल व त्यांची निगा

रात्रपाळीची वीज आली कीं पिकास पाणी देण्यासाठीं अंधारांत निघावें लागतें. अशा वेळीं हातांतील विजेरी हीच खरी सोबत होय. सन १९९१ पासून बाजारांत आलेले, पुनःपुन्हां भरतां येणारे लिथियम सेल आतां पुष्कळ विजेऱ्यांत असतात. सेलावरील १८६५० हा आंकडा व्यास १८ व लांबी ६५ मिलिमीटर असल्याचें दर्शवितो.

ह्या सेलांत थोड्या जागेंत पुष्कळ शक्ति सांठविलेली असते, आणि आंतील द्रव पेट घेणारा असतो. सेल फाजील तापल्यास आंतल्या आंत उष्णता वाढत जाऊन तो भडकतो. हें टाळण्यास तीन गोष्टी सांभाळाव्या.

पहिली गोष्ट भरण्याची. सामान्य लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरला कीं पूर्ण झाला. यास्तव विजेरीसोबत मिळालेला किंवा ह्याच जातीच्या सेलाकरितां केलेला चार्जरच वापरावा. फवारणी पंपाच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर कदापि लावूं नये. सेल मोकळ्या फरशीवर व आपण जागे असतांना भरावा. कडब्याजवळ किंवा अंथरुणावर नव्हे.

दुसरी गोष्ट टोकांची. एकदां मीं सुटा सेल किल्ल्यांच्या जुडग्यासह खिशांत टाकला. बांधावर पोंचतों न पोंचतों तोंच खिसा पोळूं लागला. किल्ल्यांनीं दोन्ही टोकें जोडलीं गेलीं होतीं. सेल फेंकला म्हणून निभावलें. तो पुन्हां वापरला नाहीं. सुटा सेल नेहमीं प्लॅस्टिकच्या डबींत ठेवावा, व डबीवर खरेदीची तारीख लिहावी.

तिसरी गोष्ट ऊन व मार यांची. उन्हांत उभ्या गाडींत विजेरी ठेवूं नये. फुगलेला, ठेंचलेला वा वेष्टण फाटलेला सेल बाद समजावा. दीर्घकाळ अगदीं रिता पडलेला सेल भरण्याचा मोह धरूं नये. दोन सेलांच्या विजेरींत जुना व नवा एकत्र घालूं नये. ह्या आकाराच्या सेलावर ९९०० मिलिअँपिअर-तास असा आंकडा छापलेला दिसल्यास तो खोटा जाणावा. चांगला सेल साधारणतः ३५०० च्या आसपासच असतो.

सेल पेटलाच तर प्रथम माणसें व गुरें दूर न्यावीं. धूर विषारी असतो. मुख्य बटण बंद करून दुरून भरपूर पाणी ओतावें. विझलेला सेल पुन्हां पेटूं शकतो, म्हणून तो उघड्यावर, गवतापासून दूर ठेवावा.

बाद सेल उकिरड्यांत टाकूं नये, कारण तें खत अखेर आपल्याच शेतांत जातें. सन २०२२ च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. सबब टोकांस चिकटपट्टी लावून तो संकलन केंद्रावर द्यावा.

वर्षाचा कडबा व गोठा यांपुढें एका सेलाची किंमत ती काय! संशय आला कीं सेल बदलावा, हेंच शहाणपण.