गोणीवरचे नाव आणि मालकांचे जाळे

अहेरीत घर बांधणारा गोणीवरचे नाव पाहून सिमेंटचा भाव करतो. कारखान्याचा मालक कोण, याची चौकशी तो करत नाही. व्यापाऱ्याने मात्र ती करावी, असे आम्हाला वाटते. कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या अभ्यासात ‘जाळ्याचे विश्लेषण’ नावाची एक पद्धत वापरतात. ती कागद-पेन्सिलीनेही जमते.

प्रत्येक कंपनीसाठी एक ठिपका काढावा. एकीचे शेअर दुसरीकडे असतील, दोन्हींच्या संचालक मंडळावर एकच व्यक्ती असेल किंवा मालक नात्यातले असतील, तर ते ठिपके रेषेने जोडावेत. यात गुप्त काही नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आपले मोठे भागधारक दर तीन महिन्यांनी जाहीर करावे लागतात.

आता आपल्या शेजारचा चंद्रपूर जिल्हा घेऊ. आवारपूरचा कारखाना लार्सन अँड टुब्रोचा होता. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रासिमने रिलायन्सकडून लार्सनचे सुमारे १० टक्के शेअर घेतले. २००४ मध्ये लार्सनचा सिमेंट व्यवसाय वेगळा होऊन ग्रासिमच्या ताब्यात गेला व त्याचे नाव अल्ट्राटेक झाले. म्हणजे रेषा आधी आणि सौदा नंतर! गडचांदूरचे माणिकगड सिमेंट सेंच्युरी टेक्स्टाइल्सचे. सेंच्युरीचे बसंतकुमार बिर्ला हे अल्ट्राटेकच्या कुमार मंगलम बिर्लांचे आजोबा. ही रेषा घराण्याची. २०१९ मध्ये माणिकगडही अल्ट्राटेकमध्ये आले.

उपरवाहीचा कारखाना अंबुजाचा, घुग्घुसचा ए.सी.सी.चा. बाजारात ही नावे प्रतिस्पर्ध्यांची, पण ए.सी.सी.चे निम्म्याहून अधिक शेअर अंबुजाकडेच होते. २०२२ मध्ये अदानी समूहाने होल्सिमकडून अंबुजा घेतली, तेव्हा त्या एका ठिपक्यामागून दुसराही ओढला गेला.

प्रत्येक सौदा मात्र असा आधी दिसत नाही. नारंडा येथील मुरली कंपनीचा कारखाना २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून दालमियांकडे गेला. तेथे शेअरच्या रेषांपेक्षा बँकांची थकबाकी महत्त्वाची होती.

या पाच कारखान्यांची मालकी २०२२ अखेर तीन समूहांकडे आली. शिवाय रेषा मालकीचीच असते असे नाही. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल ६ हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. उत्पादक संघटनेच्या बैठकांतून भाव-उत्पादनाची माहिती फिरत होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी तो अमान्य केला व वाद वर गेला.

दुकानदार दोन कंपन्यांची एजन्सी यासाठी घेतो की एकीने माल अडवला तर दुसरी देईल. ती दुसरी निवडण्यापूर्वी दोन्ही ठिपक्यांमध्ये रेषा आहे का, ते पाहावे.