शाळेच्या आवारातील सुरू आणि हिमालयातील चीड

पुष्कळ शाळांच्या कुंपणालगत सुईसारख्या हिरव्या काड्यांचे एक उंच झाड उभे असते. वारा सुटला की त्यातून घूं घूं असा आवाज निघतो. भूगोलाच्या पाठात सूचिपर्णी वृक्षांचा उल्लेख आला म्हणजे मुले खिडकीतून त्याच्याकडेच बोट दाखवितात, आणि कित्येकदा शिक्षकही मान डोलावितात. ते झाड सुरूचे असते. पाइन अथवा चीड नव्हे.

शंका फेडण्यास ग्रंथ लागत नाही. मुलांनी सुरूची एक हिरवी काडी दोन्ही टोकांस धरून ओढावी. ती पेरापेरांवर सुटते. प्रत्येक पेराभोवती सहा ते आठ बारीक दातऱ्यांचे कडे दिसेल. तीच सुरूची पाने. काडी ही डहाळी होय, व अन्न तयार करण्याचे काम तीच करते. चीडची सुई मात्र खरोखरीचे पान असते. तिला पेरे नसतात, आणि तीन तीन सुयांचा एकेक जुडगा असतो. सुरूचे बोंड शंकूसारखे दिसते खरे, परंतु त्याचे बी फळाच्या आवरणात असते. चीडच्या शंकूत ते खवल्यावर उघडे असते. म्हणजे सुरू हा आंबा व निंब यांच्याप्रमाणे सपुष्प, आवृत्तबीजी वृक्ष ठरतो.

सुरूची रोपे शाळेतच करता येतात. पिकत आलेली बोंडे कागदावर सुकविली की थोड्याच दिवसांत उकलतात व पंखाचे बारीक बी गळते. ते वाळूमिश्रित मातीत उथळ पेरावे. या बियांवर मुंग्यांचा फार डोळा! तेव्हा खोके चार विटांवर न ठेवता, फडताळाप्रमाणे पायांखाली पाण्याच्या वाट्या देऊन ठेवणे बरे. रोपे बोटभर झाली की पिशव्यांत लावावी, व मातीत जुन्या सुरूखालची मूठभर माती मिसळावी. तिच्यातील सूक्ष्म जीवांमुळे मुळांवर गाठी येऊन हवेतील नत्र रोपास मिळते. पावसाळ्याच्या आरंभी, पाणी न साचणाऱ्या जागी लागवड करावी.

रोप मरते ते बहुधा पहिल्या उन्हाळ्याच्या सुटीत. शाळा बंद, पाणी बंद. म्हणून सुटीपूर्वीच शाळेजवळ राहणाऱ्या मुलांस एकेक झाड नेमून द्यावे व बुंध्याशी पालापाचोळा पसरावा.

चीडची हौस कोकणात करू नये. घाटमाथ्यावरील थंड गावी, उताराच्या जमिनीत एखादे रोप लावून पाहण्यास हरकत नाही. मात्र मुळांभोवतीची माती झाडू नये. तिच्यातील बुरशीवाचून ते रोप खुरटते.

गावातून बदरीनाथास कोणी निघाले, तर वाटेवर गळून पडलेला चीडचा एक शंकू आणावयास सांगावे आणि तो वर्गात सुरूच्या बोंडाशेजारी ठेवावा.