उसनी कंडरा, आपला हात

आवणीच्या दिवसांत धसईच्या परिसरातील खाचरांकडे पाहिले की माणसाचा हात किती बारीक काम करतो, हे ध्यानात येते. मुठीतल्या रोपांतून तीन-चार काड्या अंगठ्याने आणि बोटांनी वेगळ्या करायच्या, चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे घ्यायचे. ज्याचा अंगठा बोटांसमोर येत नाही, त्याला हे जमत नाही. ज्याचे पाऊल लोंबते, त्याला बांधावरून चालणेही अवघड होते. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झाले की असे घडते. अशा हातापायांना पुन्हा कामाला लावणाऱ्या शस्त्रक्रियेची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंवरही परिणाम करतात. कोपराला आतल्या बाजूने ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या तेथून जाणाऱ्या मज्जातंतूमुळे. तो निकामी झाला की पंजातील लहान स्नायू लुळे पडतात आणि करंगळी व अनामिका आकडीसारख्या वाकतात. मनगटाजवळचा दुसरा तंतूही गेला, तर चारही बोटे वाकतात, अंगठा दुबळा होतो आणि घास उचलणेही कठीण होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तंतू गेला, तर पाऊल वर उचलले जात नाही.

स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. स्नायू आखडला की ही दोरी ओढली जाते आणि सांधा हलतो. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन मुख्य कंडरा असतात, एक वरची आणि एक खोलवरची. त्यांतील वरची काढून घेतली, तरी खोलवरची बोट वाकवत राहते. म्हणून शल्यचिकित्सक मधल्या बोटाची वरची कंडरा मोकळी करतात, तिचे चार पदर करतात आणि ते चार बोटांना जोडतात. अनामिकेची कंडरा अंगठ्याला देता येते. पावलासाठी नडगीच्या हाडामागील धडधाकट स्नायूची कंडरा पुढे आणून पावलाच्या वरच्या भागाला जोडतात. जो स्नायू पाऊल आत वळवत होता, तोच आता ते वर उचलू लागतो.

कुष्ठरुग्णांसाठी या पद्धतीचा पाया वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी घातला. ते १९४६ साली तेथे आले होते. रोगामुळे बोटे आपोआप झडतात, हा समज त्यांनी खोडून काढला. संवेदना नसल्याने चटके आणि जखमा कळत नाहीत, आणि त्यांतूनच बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचे काम उभे करणारे डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विकृतींवरील शस्त्रक्रियांसाठी मोठे परिश्रम घेतले.

शस्त्रक्रियेपूर्वी रोगाचा औषधोपचार व्हावा लागतो आणि सांधे मऊ असावे लागतात. त्यासाठी आधीपासून तेल लावून बोटे सरळ करण्याचा व्यायाम करायचा असतो. नंतर काही आठवडे प्लॅस्टर आणि त्यापुढे पुन्हा व्यायाम. कंडरेची जागा बदलली, तरी मेंदूला हे नवे काम शिकावे लागते. हा धडा गिरवला नाही, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

एक गोष्ट मात्र शस्त्रक्रिया देत नाही : गेलेली संवेदना. म्हणून रोज रात्री तळपाय तपासणे, मऊ रबराची चप्पल वापरणे आणि गरम भांडे फडक्याने धरणे हे आयुष्यभर पाळावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेवर जाणे. अंगावर बधिर चट्टा दिसला किंवा हातापायात नवी अशक्तता जाणवली, तर आशा ताईंना किंवा आरोग्य केंद्रात त्वरित दाखवावे. अशक्तता सहा महिन्यांच्या आतली असेल, तर औषधांनीच ती भरून येण्याची शक्यता असते. औषधे शासनाकडून मोफत मिळतात.

तरीही माणसे उशिरा येतात, कारण त्यांना रोगाहून लोकांची भीती अधिक असते. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख आपल्या कायद्यांतून २०१९ साली निघाला, पण मनांतून तो निघायचा आहे. उदान ग्रंथात राजगृहाच्या सुप्पबुद्धाची कथा आहे. तो दरिद्री आणि कुष्ठरोगी होता. जमाव पाहून, येथे अन्न वाटत असतील, या आशेने तो जवळ गेला. तेथे तथागत धम्म सांगत होते. तो एका बाजूला बसला. तथागतांनी साऱ्या सभेवर दृष्टी फिरवली, धम्म समजण्याची पात्रता या माणसात आहे हे ओळखले आणि त्याला उद्देशून उपदेश केला. त्याला कोणी उठवले नाही.

आमच्या वसतिगृहाच्या पंगतीत वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. गावात कुणाची बोटे वाकलेली दिसली, तर त्या घरी जावे, चहा घ्यावा आणि दवाखान्यापर्यंत सोबत करावी. शस्त्रक्रिया होऊन तो माणूस परत येईल, तेव्हा आवणीच्या ओळीत त्याची जागा राखून ठेवावी.