चाळीस सेकंदांत व्याख्यान

शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना बहुधा इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. 'पीटीई अकॅडेमिक' ही त्यांपैकीच एक. तीत जास्तीत जास्त 90 सेकंदांचे व्याख्यान एकदाच ऐकायचे, 10 सेकंद विचार करायचा आणि 40 सेकंदांत त्याचा सारांश संगणकापुढे बोलायचा. मध्येच 3 सेकंदांहून अधिक गप्प राहिलात, की ध्वनिमुद्रण बंद!

व्याख्याता मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. हाताला तो वेग जमत नाही. मग टिपायचे काय? सगळे शब्द नव्हे, तर मुद्दे आणि त्यांचा परस्परसंबंध.

समजा, विषय मधमाशीच्या नाचाचा आहे. (तो उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले.) टिपण एवढेच: 'बी, डान्स; अँगल = डिरेक्शन; टाइम = डिस्टन्स'. म्हणजे नाचाचा उभ्या रेषेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भाने फुलांची दिशा सांगतो. थरथरत चालणे जितका वेळ टिकते, तितकी फुले दूर. झाला सारांश!

आता हा प्रयोग करा. मित्राला इंग्रजी उतारा दीड मिनिट वाचायला सांगा. घड्याळ लावून सारांश आधी मराठीत बोला, मग इंग्रजीत. मराठीतही अडलात, तर ऐकण्यात किंवा टिपण्यात उणीव आहे. फक्त इंग्रजीत अडलात, तर बोलण्याचा सराव कमी पडतो. दोष कोठे आहे हे कळले, की उपाय सोपा!